बुद्धिबळाच्या चालींची शिरगणती

पट मांडलेला आहे, मोहरी आपापल्या घरात आहेत आणि पहिली चाल पांढऱ्याची आहे. त्याच्यापुढे पर्याय किती? बुद्धिबळ नुकतेच शिकलेले मूलही हे मोजून सांगेल. आठ प्यादी, प्रत्येक प्यादे एक किंवा दोन घरे पुढे जाऊ शकते, म्हणजे १६. दोन घोडे, प्रत्येकाला दोन घरे मोकळी, म्हणजे ४. एकूण २०. बाकीची मोहरी आपल्याच प्याद्यांच्या मागे अडकलेली असतात. काळ्याची स्थितीही तीच, त्यालाही २० पर्याय. म्हणून दोघांची एकेक चाल होईपर्यंत डाव २० गुणिले २०, म्हणजे ४०० वेगवेगळ्या प्रकारे पुढे गेलेला असू शकतो.

पाढ्यांचे काम इथे संपते. तिसऱ्या चालीला, म्हणजे पांढऱ्याच्या दुसऱ्या खेपेला, ४०० गुणिले २० करून ८,००० हे उत्तर काढले तर ते चुकते. खरे उत्तर ८,९०२ आहे. पांढऱ्याने आधी राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले असेल, तर उंट, वजीर आणि राजा या तिघांना वाट मिळते आणि काळ्याने मध्ये काही अडथळा आणला नाही तर त्याचे पर्याय २० वरून ३० होतात. तेच कडेचे प्यादे एकच घर पुढे टाकले, तर घोड्याचे एक घर अडते, हत्तीला एक घर मिळते आणि पर्याय १९ वर येतात. प्रत्येक चालीने पुढची दारे उघडतात किंवा बंद होतात. त्यामुळे या संख्येला सूत्र नाही. ती मोजावी लागते.

मोजत गेले की आकडे असे येतात. (या लेखात ‘चाल’ म्हणजे एका खेळाडूची एक चाल.) चार चालींनंतर १,९७,२८१ क्रम, पाच चालींनंतर ४८,६५,६०९ आणि सहा चालींनंतर, म्हणजे दोघांच्या तीन-तीन चाली झाल्यावर, ११,९०,६०,३२४. हे सगळे आकडे एककापर्यंत अचूक आहेत. जगभरातल्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी स्वतंत्रपणे मोजून ते पडताळले आहेत. या मोजणीला संगणकतज्ज्ञ ‘पर्फ्ट’ म्हणतात. ‘परफॉर्मन्स टेस्ट’चे हे लघुरूप.

हा रिकामटेकडा उद्योग वाटू शकतो. पण इतकी प्रचंड संख्या संगणक मोजतो कशी आणि मोजलेली संख्या बरोबर आहे हे कळते कसे, हे दोन प्रश्न बुद्धिबळाच्या पटापुरते मर्यादित नाहीत.

अंदाज आणि मोजणी

बुद्धिबळातल्या मोठ्या संख्यांचा विषय निघाला की क्लॉड शॅनन यांचे नाव येतेच. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’ या नियतकालिकात संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवता येईल यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी साधा हिशेब मांडला. कोणत्याही स्थितीत साधारण ३० चाली शक्य असतात. म्हणजे पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशा जोडीमागे जवळपास हजार पर्याय. डाव अशा ४० जोड्यांचा धरला, तर शक्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी होते. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्ये यांच्या आसपास मानली जाते. सगळे डाव तपासून सर्वोत्तम चाल शोधणे कोणत्याही यंत्राला जमणार नाही, हे शॅनन यांना यातून दाखवायचे होते.

हा अंदाज होता, तोही ढोबळ. मतदानोत्तर चाचणी आणि मतमोजणी यांत जो फरक, तोच अंदाज आणि पर्फ्ट यांत आहे. चाचणीही उपयोगी असते. पटावर नियमानुसार किती वेगवेगळ्या स्थिती येऊ शकतात, याचा जॉन ट्रॉम्प यांनी काढलेला अंदाज असाच नमुना-पाहणीचा आहे. त्यांनी यादृच्छिक पद्धतीने स्थिती निवडल्या, त्यांतल्या किती खऱ्या डावात येऊ शकतात हे तपासले आणि एकूण संख्या सुमारे ४.८ गुणिले एकावर ४४ शून्ये इतकी ठरवली. तिथे शेवटच्या अंकाला अर्थ नाही. पर्फ्टमध्ये मात्र सगळा अर्थ शेवटच्या अंकात आहे. ११,९०,६०,३२४ च्या जागी ११,९०,६०,३२३ आले, तर ते उत्तर ‘जवळजवळ बरोबर’ नसते. ते चूक असते.

सरळसोट पद्धत

हाताने हे काम करायचे म्हटले तर? चार चालींचा एक क्रम लिहायला दहा सेकंद धरा. रोज आठ तास, सुट्टी न घेता लिहीत बसलो, तर १,९७,२८१ क्रम लिहायला ६८ दिवसांहून अधिक लागतील. सहा चालींचे क्रम त्याच वेगाने रात्रंदिवस लिहिले, तरी जवळपास ३८ वर्षे जातील.

संगणकाची पहिली पद्धत आपल्यासारखीच असते, फक्त तो दमत नाही. एखाद्या घराण्याची वंशावळ डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वर मूळ पुरुष, म्हणजे सुरुवातीची मांडणी. त्याची २० मुले, ४०० नातवंडे, ८,९०२ पतवंडे. आपल्याला सहाव्या पिढीत किती जण आहेत ते हवे आहे. संगणक पहिल्या मुलाकडे जातो, त्याच्या पहिल्या मुलाकडे जातो, असे करत सहाव्या पिढीपर्यंत उतरतो, एक मोजतो, एक पायरी वर येतो, पुढच्या भावंडाकडे जातो. प्रोग्रामच्या भाषेत ही कृती चार-पाच ओळींत मावते: शक्य असलेली चाल खेळ, तिथून उरलेल्या चालींचे क्रम मोज, उत्तर बेरजेत मिळव, चाल मागे घे.

समजा, एक संगणक सेकंदाला एक कोटी स्थिती अशा रीतीने मोजतो. सहा चालींचे उत्तर त्याला १२ सेकंदांत मिळेल. सात चालींना पाच मिनिटांहून थोडे जास्त लागतील, कारण ती संख्या ३ अब्ज १९ कोटींच्या वर आहे. आठ चालींना दोन तास वीस मिनिटे, नऊ चालींना जवळपास तीन दिवस. दहा चालींना ८० दिवस, अकरा चालींना साडेसहा वर्षे, बाराला २०० वर्षे. आणि तेरा चालींसाठी सहा हजारांहून अधिक वर्षे! एक पायरी वाढली की काम सुमारे तीसपट होते. यंत्र दहापट वेगवान केले तरी आपण एका पायरीनेही पुढे सरकत नाही. वेगाने इथे भागत नाही. काम कमी करावे लागते.

काम कमी करण्याच्या युक्त्या

पहिली युक्ती अगदी घरगुती आहे. शेवटच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन डोके मोजायची गरज नाही. त्याच्या आईबापांना ‘मुले किती?’ एवढे विचारले की पुरते. म्हणजे सात चालींची मोजणी करताना सातवी चाल प्रत्यक्ष खेळून पाहायची नाही. सहाव्या चालीनंतरच्या स्थितीत किती नियमबद्ध चाली आहेत तेवढे मोजायचे. ३ अब्जांहून अधिक स्थिती उभ्या करण्याऐवजी १२ कोटींच्या आतच काम भागते.

दुसरी युक्ती पट मांडण्याची. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात आणि आजच्या संगणकाचा प्रोसेसर एका वेळी ६४ बिटांची, म्हणजे ६४ शून्य-एकांची संख्या हाताळतो. हा योगायोग फार सोयीचा ठरला. प्रत्येक घराला एक बिट दिला. पांढरी प्यादी जिथे आहेत तिथे १, बाकी ठिकाणी ०. झाली एक संख्या तयार. काळ्या घोड्यांची दुसरी, हत्तींची तिसरी, अशा बारा संख्यांत सगळी मोहरी बसतात. आता पांढरी प्यादी एक घर पुढे टाकायची तर आठही प्यादी एकेक करून तपासावी लागत नाहीत. ती संख्या आठ जागा सरकवली की सगळी प्यादी एकदम पुढे जातात. भरलेल्या घरांचे बिट त्यातून वगळले की उरतात त्या शक्य चाली. त्यातले एक किती, हे मोजायलाही प्रोसेसरमध्ये खास आज्ञा असते. ही पद्धत जुनी आहे. १९७४ मध्ये स्टॉकहोमला झालेली संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकणारा सोव्हिएत प्रोग्राम ‘कैसा’ याच तऱ्हेने पट मांडत असे.

या दोन युक्त्यांनी वेग कितीतरी वाढतो, पण तरीही आपण प्रत्येक फांदी स्वतंत्रपणे चढतो आहोत. खरी बचत तिसऱ्या युक्तीत आहे.

दोन वाटा, एकच मुक्काम

पांढऱ्याने आधी राजाकडचा घोडा काढला, काळ्यानेही घोडा काढला आणि मग पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवले. दुसऱ्या डावात पांढऱ्याने आधी ते प्यादे सरकवले, काळ्याने तोच घोडा काढला, मग पांढऱ्याने घोडा काढला. क्रम दोन, पण पटावरचे चित्र एकच. इथून पुढे जे काही घडू शकते ते दोन्ही डावांत अगदी सारखे. मग ते दोनदा कशाला मोजायचे?

अशा एकत्र येणाऱ्या वाटा किती असतात? तीन चालींचे क्रम ८,९०२, पण त्यातून तयार होणाऱ्या वेगळ्या स्थिती ५,३६२ च. चार चालींचे क्रम १,९७,२८१, स्थिती सुमारे ७२ हजार. सहा चालींचे क्रम जवळपास १२ कोटी, तर स्थिती ९० लाखांच्या थोड्या वर. म्हणजे खोल जावे तशी बचत वाढत जाते. तेरा चाली मोजायच्या असतील, तर सहाव्या चालीअखेरची प्रत्येक स्थिती एकदाच घ्यायची, तिथून पुढच्या सात चालींचे क्रम मोजायचे आणि त्या स्थितीपर्यंत जितक्या वाटांनी येता येते त्या संख्येने गुणायचे. हीच युक्ती पुढच्या टप्प्यांवरही पुन्हा वापरता येते.

आपल्या परंपरेत या विचाराची ओळख जुनी आहे. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरु अक्षरांच्या सगळ्या रचना ओळीने लिहून काढणे याला ‘प्रस्तार’ म्हणतात. एकूण रचना किती, हे प्रस्तार न लिहिता काढण्याची रीत वेगळी, तिचे नाव ‘संख्या’. सहा अक्षरांच्या चरणाच्या रचना ६४, हे सांगायला ६४ ओळी लिहाव्या लागत नाहीत. बुद्धिबळाचे नियम इतके गुंतागुंतीचे आहेत की तिथे निव्वळ ‘संख्या’ची रीत सापडत नाही, आणि पूर्ण ‘प्रस्तार’ मांडणे परवडत नाही. सारख्या स्थिती एकत्र करणे हा दोन्हींच्या मधला मार्ग आहे.

मात्र ‘सारखी स्थिती’ ठरवताना डोळ्यांवर विसंबून चालत नाही. समजा राजा एक घर हलला आणि परत जागेवर आला. पट पूर्वीसारखाच दिसतो, पण त्या राजाचा किल्लेकोटाचा, म्हणजे कॅसलिंगचा, हक्क गेलेला असतो. तसेच प्रतिस्पर्ध्याचे प्यादे दोन घरे उडी मारून आपल्या प्याद्याच्या शेजारी येऊन थांबले, तर त्याला जाता जाता टिपण्याची, ‘आँ पासाँ’ची, मुभा फक्त लगेचच्या चालीपुरती असते. म्हणून स्थिती म्हणजे मोहऱ्यांच्या जागा, कोणाची पाळी, किल्लेकोटाचे हक्क आणि आँ पासाँची मुभा, हे सगळे मिळून. यातले एक विसरले की दोन वेगळ्या स्थिती एक समजल्या जातात आणि उत्तर बिघडते.

स्थितीचा ओळख क्रमांक

लक्षावधी स्थितींत ‘ही आधी येऊन गेली का?’ हे झटकन ओळखायचे कसे? १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी सुचवलेली युक्ती आजही वापरली जाते. बारा प्रकारची मोहरी आणि ६४ घरे, म्हणजे मोहरे-घर अशा ७६८ जोड्या. प्रत्येक जोडीला एक मोठी यादृच्छिक संख्या देऊन ठेवायची. पटावर जी मोहरी आहेत त्यांच्या संख्या एका विशिष्ट बिट-क्रियेने एकत्र केल्या की त्या स्थितीचा ओळख क्रमांक तयार होतो. पाळी आणि हक्क यांनाही अशाच संख्या दिलेल्या असतात. या क्रियेची गंमत अशी की तीच संख्या पुन्हा मिसळली की ती पुसली जाते. त्यामुळे एक मोहरे हलले तर सगळा क्रमांक नव्याने काढावा लागत नाही. जुन्या घराची संख्या पुसायची, नव्या घराची मिसळायची.

मग एक मोठी वही ठेवायची: हा ओळख क्रमांक, इतक्या चाली बाकी, उत्तर इतके. स्थिती पुन्हा आली की वहीतले उत्तर उचलायचे. वही भरली तर जुन्या नोंदी खोडल्या तरी चालतात. फार तर काही हिशेब पुन्हा करावा लागतो, उत्तर बदलत नाही.

धोका दुसरीकडे आहे. दोन वेगळ्या स्थितींना योगायोगाने एकच क्रमांक मिळाला तर? ६४ बिटांत एकावर १९ शून्ये यांहून अधिक क्रमांक मावतात, त्यामुळे हे अशक्यप्राय वाटते. पण कोणत्याही २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे गणित आपण ऐकलेले असते. तेच इथे लागू पडते. सुमारे ५ अब्ज स्थिती नोंदवल्या की कुठल्या तरी दोघींचा क्रमांक एकच निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. खेळणाऱ्या प्रोग्रामला अशी एखादी गल्लत सहसा नडत नाही. मोजणाऱ्याला मात्र ती भोवते, आणि कुठलाही गाजावाजा न करता. म्हणून मोठ्या मोजणीत १२८ बिटांचे क्रमांक वापरतात.

गव्हाचे दाणे आणि भरलेला खण

या युक्त्यांना एकाच वेळी काम करणाऱ्या अनेक संगणकांची आणि ग्राफिक्स कार्डांची जोड मिळाली. वंशावळीच्या फांद्या एकमेकींवर अवलंबून नसल्याने त्या वाटून देता येतात आणि शेवटी बेरीज करता येते. तेरा चालींचे उत्तर मिळाले ते असे: १९,८१,०६,६७,७५,००,०३,९६,२३९. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावे परार्धापाशी, म्हणजे एकावर १७ शून्यांपाशी, संपतात. ही संख्या जवळपास २० परार्ध भरते.

चौदाव्या चालीला एक वेगळीच अडचण उभी राहते. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत ६४ घरे भरून मागणाऱ्या विद्वानाची आणि ते देता न आलेल्या राजाची गोष्ट सर्वांना माहीत असते. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. संगणकाच्या ६४ बिटांच्या एका खणात मावणारी सर्वांत मोठी संख्याही नेमकी हीच, कारण तिथेही ६४ वेळा दुप्पटच होत असते. चौदा चालींच्या क्रमांची संख्या या दाण्यांच्या तिपटीहून जास्त आहे. साध्या खणात ती मोजत गेलो, तर जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा जसा सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येतो, तसा खण भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि शेवटी दिसणारा आकडा अगदीच भलता असतो. म्हणून बेरजेला दुहेरी खण लावावा लागतो.

पंधरा चालींचे उत्तरही आज उपलब्ध आहे: २,०१,५०,९९,९५,००,५३,३६,४४,७१,९६०. सेकंदाला कोटीच्या सरळसोट वेगाने ते काढायला साठ लाखांहून अधिक वर्षे लागली असती. या दोन आकड्यांकडे जरा पाहा. तेरावरून पंधरावर जाताना, म्हणजे दोघांची एकेक चाल वाढताना, संख्या सुमारे १,०१७ पट झाली. शॅनन यांनी १९५० मध्ये धरलेले ‘जोडीमागे हजार’ हे प्रमाण किमान डावाच्या या टप्प्यावर किती नेमके होते, ते या मोजणीने दाखवले.

मग हे मोजायचे कशासाठी?

पर्फ्टने चांगली चाल सापडत नाही. वजीर फुकट घालवणारी चाल आणि डाव जिंकून देणारी चाल, दोन्ही इथे एकेकच मोजल्या जातात. १९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्ह यांना हरवणारा ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाहत असे, पण खेळणारा प्रोग्राम निरर्थक फांद्या छाटत पुढे जातो. मोजणारा एकही फांदी सोडत नाही.

मोजणीचा खरा उपयोग कसोटीचा. बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण आधी नियमांचा भाग लिहितो: दिलेल्या स्थितीत कोणत्या चाली चालतात? हा भाग चुकला तर पुढची सगळी हुशारी वाया. आणि इथली चूक लपून राहते. प्रोग्राम व्यवस्थित खेळतो, शंभर डाव बिनबोभाट पार पडतात, आणि एखाद्या दिवशी तो शहात असताना किल्लेकोट करतो किंवा चालणारी चाल नाकारतो. असे दोष डाव पाहून सापडत नाहीत. त्यापेक्षा सोपे म्हणजे मोजणी करून घेणे. पाच चालींचे उत्तर ४८,६५,६०९ च्या जागी ४८,६५,३५१ आले, म्हणजे २५८ कमी. पाचव्या चालीला आँ पासाँने प्यादे टिपण्याचे प्रसंग नेमके २५८ असतात. तो नियम लिहायचाच राहिला, हे लगेच कळते.

फरक असा सरळ ओळखू आला नाही, तर उत्तर पहिल्या २० चालींमध्ये विभागून पाहतात. ज्या चालीचा आकडा जुळत नाही तिच्याखालच्या फांद्या पुन्हा विभागायच्या. काही पायऱ्यांतच अब्जावधी क्रमांतली ती एक चुकीची चाल हाताशी लागते. अनेक तपासण्यांनी रोगाची जागा अरुंद करत नेणाऱ्या डॉक्टरांची रीत याहून फार वेगळी नसते.

आकडा जुळला म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही. सुरुवातीच्या मांडणीपासून किल्लेकोट सर्वांत लवकर होतो सातव्या चालीला, आणि प्याद्याची बढती नवव्या चालीला. सहा चालींचे उत्तर तंतोतंत आले तरी हे दोन नियम तपासलेच गेलेले नसतात. म्हणून जाणकारांनी मुद्दाम अवघड स्थिती तयार केल्या आहेत. ‘किवीपीट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत पहिल्याच चालीला ४८ पर्याय आहेत, दोन चालींना २,०३९, तीन चालींना ९७,८६२. किल्लेकोटाच्या सगळ्या तऱ्हा त्यात लवकर येतात. दुसऱ्या एका स्थितीत पटावर मोजकीच मोहरी आहेत, पण तिथे एक सापळा आहे. पांढरा राजा, त्याचे प्यादे आणि दूरवर काळा हत्ती एकाच आडव्या ओळीत उभे आहेत. काळ्याने दोन घरे उडी मारून टाकलेले प्यादे आँ पासाँने टिपले, तर दोन्ही प्यादी एकदम त्या ओळीतून उठतात आणि राजा थेट हत्तीच्या तोंडी येतो. म्हणजे ती चाल चालत नाही. अनुभवी प्रोग्रामरही इथे हमखास चुकतात. त्या स्थितीचे अचूक आकडे १४, १९१, २,८१२ असे जातात. सापळ्यात अडकलेल्याचे तसे जात नाहीत.

मोजलेल्यावर विश्वास

उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न. २२ अंकी उत्तर कोणी हाताने तपासू शकत नाही. मग ते खरे कशावरून? विज्ञानात इतरत्र जे करतात तेच इथे करावे लागते: वेगळ्या माणसाने, वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या यंत्रावर तेच पुन्हा करून पाहायचे. एकाने पट बिटांत मांडला, दुसऱ्याने साध्या यादीत. एकाने वही वापरली, दुसऱ्याने नाही. दोघांच्या चुका असल्या तर त्या वेगळ्या असतील, आणि वेगळ्या चुकांमधून शेवटच्या अंकापर्यंत एकच उत्तर येणे जवळपास अशक्य. लहान आकडे असंख्य वेळा असे पडताळले गेले आहेत. त्या आकड्यांवर उत्तीर्ण झालेल्या पद्धतीच मोठ्या आकड्यांना हात घालतात.

सारख्या ठिकाणी येणाऱ्या वाटा एकत्र करून मोजण्याचा विचार प्रयोगशाळांतही रोज वापरला जातो. दोन डीएनए साखळ्या एकमेकींशी किती जुळतात हे पाहताना कुठे अक्षर जुळले, कुठे गळाले, कुठे वाढले, याच्या असंख्य जुळण्या शक्य असतात. शंभर-शंभर अक्षरांच्या दोन साखळ्यांसाठी ही संख्या एकावर ७५ शून्ये यांच्या घरात जाते. तरीही १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दिलेल्या पद्धतीने सर्वोत्तम जुळणी सुमारे दहा हजार घरांच्या एका कोष्टकात सापडते, कारण एका घरापर्यंत आलेल्या सगळ्या वाटांचा पुढचा हिशेब एकदाच करायचा असतो. विषाणूचे बदललेले रूप जुन्या रूपाशी ताडून पाहण्यासारख्या कामांमागे हीच रीत आहे.

ज्यांना ही मोजणी स्वतः करून पाहायची आहे, त्यांच्यासाठी एक आकडा घरच्या पटावर तपासण्याजोगा आहे. चार चालींच्या १,९७,२८१ क्रमांपैकी फक्त ८ मध्ये मात होते, आणि आठही वेळा ती पांढऱ्यावर होते. पांढरा एफ स्तंभातले प्यादे एक किंवा दोन घरे पुढे टाकतो आणि जी स्तंभातले दोन घरे. ही दोन कामे तो कोणत्याही क्रमाने करू शकतो. काळा राजापुढचे प्यादे एक किंवा दोन घरे सरकवतो आणि मग वजीर एच४ वर आणून मात करतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन, बरोबर आठ. हे आठ डाव पाच चालींच्या मोजणीत धरले जात नाहीत, कारण मात झाल्यावर पाचवी चाल उरतच नाही. एखाद्या प्रोग्रामने ती उरवली, तर त्याचे उत्तर ४८,६५,६०९ येणार नाही.